इटालियन भाषेतील निश्चित उपपद

मराठीत निश्चित उपपद नाही. त्यामुळे रोमला शिक्षणासाठी जाणारे आपले विद्यार्थी इटालियन बोलताना प्रथम तेच गाळतात. लिंगभेद मात्र आपणास परका नाही. त्यातून इटालियनमध्ये नपुंसकलिंगही नाही. स्त्रीलिंगी एकवचनास 'ला', अनेकवचनास 'ले'. पुल्लिंगी शब्दांस सामान्यतः 'इल' व 'इ'. संत म्हणजे 'इल सांतो', अनेक संत 'इ सांती'.

खरी कसोटी पुढे आहे. पुल्लिंगी शब्दारंभी 'स'चे जोडाक्षर किंवा 'झ' आल्यास 'इल'चे 'लो' होते. म्हणून पवित्र आत्मा 'लो स्पीरितो सांतो'. स्वरापूर्वी नुसता 'ल' उरतो: देवदूत 'लांजेलो', अनेकवचनी 'ल्यी आंजेली'. हा निर्णय नामावर नव्हे, उपपदालगतच्या ध्वनीवर होतो. काका 'लो झीओ'. पण म्हातारा काका 'इल वेक्यो झीओ'!

'माझी आई' म्हणताना उपपद गळते, 'मिया माद्रे'. 'माझ्या बहिणी' म्हणताना परतते, 'ले मिए सोरेल्ले'. एकवचनी नातलगांपुरतीच ही सवलत आहे.

अंत्याक्षरावर विसंबू नये. 'मानो' (हात) ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी, तर 'प्रोब्लेमा' आकारान्त असूनही पुल्लिंगी. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून 'ला मानो', 'इल प्रोब्लेमा' असे उपपदासह शब्द लिहावेत, असे आम्ही सुचवतो.