जिन्यावरचा काळोख

घरभाडं गोळा करणं हे वरवर कारकुनी काम वाटतं, पण ते जोखमीचं आहे. वसुलीला येणारा माणूस बहुधा एकटा असतो. त्याचा यायचा दिवस सगळ्या वस्तीला ठाऊक असतो. प्रत्येक मजल्यागणिक त्याचा खिसा जड होत जातो, आणि ज्या दारावर तो थाप मारतो त्यामागे त्याच्यावर चिडायला कुणाकडे ना कुणाकडे कारण असतं. गुन्हेगारीसाठी बदनाम असलेल्या वस्त्यांमध्ये ज्यांची घरं आहेत, अशा अमेरिकन घरमालकांना आज जे सल्ले दिले जातात ते याच जाणिवेतून येतात. एकट्यानं जाऊ नका, रोख रक्कम घेऊ नका, गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा, मिरचीचा फवारा हाताशी असू द्या, वगैरे.

यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात: धोका दाराच्या आत आहे आणि बाहेर उभा असलेला माणूस त्याचं संभाव्य सावज आहे. भाडेवसुलीचा इतिहास वाचताना हे गृहीतक मला पुन्हापुन्हा डळमळताना दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एकाच राज्यसत्तेखाली आणि जेमतेम वीस वर्षांच्या अंतरात, या धोक्याला दोन अगदी वेगळी उत्तरं दिली गेली. एक आयर्लंडमध्ये, दुसरं लंडनमध्ये.

आयर्लंडमधला प्रश्न शेतजमिनीच्या खंडाचा होता. मालक बहुतेकदा दूर राहत आणि खंड वसूल करायला एजंट नेमत. थकबाकी झाली की कुळाला जमिनीवरून आणि त्याबरोबर घरातूनही काढलं जाई. या मालक-एजंटांचा स्वसंरक्षणाचा मार्ग सरळ होता: पिस्तूल, बंदूक आणि पोलिसांचा पहारा. २ एप्रिल १८७८ रोजी डोनेगॉल परगण्यात लॉर्ड लीट्रिम या कुप्रसिद्ध जमीनदाराला रस्त्यात गाठून ठार करण्यात आलं. त्याच्याबरोबर त्याचा कारकून आणि गाडीवानही मारले गेले. या खुनांबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. जमीनदाराच्या मृत्यूची कथा सांगताना कारकून आणि गाडीवान सहसा एका वाक्यात उरकले जातात. पण धोक्याची वाटणी कशी होते ते त्या वाक्यातच कळतं. वैर मालकाशी असतं, आणि त्याच्या गाडीत जो बसलेला असतो तोही मरतो.

दोन वर्षांनी मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या एजंटाची पाळी आली. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस इथल्या सभेत पार्नेलनं लोकांना सांगितलं, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी सगळे व्यवहार तोडा. काही दिवसांतच बॉयकॉटच्या कुळांवर नोटिसा बजावायला गेलेल्या माणसाला गावातल्या बायकांनी चिखल आणि दगड मारून पिटाळलं. मग बॉयकॉटचे गडी काम सोडून गेले. दुकानदार माल देईनात, लोहार नाल मारीना, कपडे धुवायलाही कुणी मिळेना. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. इंग्रजीत यासाठी नेमका शब्द नव्हता, तो याच माणसाच्या आडनावावरून तयार झाला.

पुढचा हिशेब बघण्यासारखा आहे. बॉयकॉटच्या शेतातलं पीक काढायला अल्स्टरहून पन्नास मजूर आणले गेले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस. पाचशे पौंडांच्या आत-बाहेरचं पीक वाचवायला सुमारे दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. बॉयकॉटच्या अंगाला कुणी हात लावला नाही, पण पीक निघाल्यावर त्याला कुटुंबासह तिथून निघून जावं लागलं. पहाऱ्यानं जीव वाचतो, हे खरं. पण पहाऱ्यात राहणाऱ्याला घर चालवता येत नाही आणि खंडही वसूल करता येत नाही. केरीमधला सॅम्युअल हसी हा एजंट पिस्तूल बाळगणाऱ्यांपैकी होता. १८८४ साली त्याचं घर सुरुंगानं उडवायचा प्रयत्न झाला. पिस्तुलाचा धाक समोर आलेल्या माणसाला. रात्री भिंतीखाली दारू ठेवून जाणाऱ्याला त्याची काय भीती?

आता लंडनकडे येऊ. इथे प्रश्न शेताचा नव्हता, खोलीचा होता. एका खोलीत अख्खं कुटुंब, एका अंगणात डझनावारी खोल्या, आणि साप्ताहिक भाडं. १८६५ साली ऑक्टेव्हिया हिल या सव्वीस वर्षांच्या बाईनं मॅरिलबोनमधल्या पॅरडाइज प्लेस नावाच्या गल्लीत तीन घरं ताब्यात घेतली. पैसे जॉन रस्किनचे होते. त्यानं साडेसातशे पौंड देऊन घरांचा भाडेपट्टा घेतला आणि अट घातली, की गुंतवणुकीवर वर्षाला पाच टक्के परतावा मिळालाच पाहिजे. म्हणजे हा दानधर्म नव्हता. भाडं वसूल करायचंच होतं, आणि ते बाईनं एकटीनं जाऊन करायचं होतं.

हिलनं या घरांची आणि पुढे घेतलेल्या घरांची अवस्था लिहून ठेवली आहे. जिने पूर्ण अंधारे. कठडे गायब, कारण थंडीत भाडेकरूंनी ते चुलीत घातले होते. छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या. एका ठिकाणी तिनं खिडक्यांच्या काचा मोजल्या: १९२ पैकी फक्त आठ शाबूत. त्या भागातला एक छोटा घरमालक पेशानं अंत्यसंस्काराचं सामान पुरवणारा होता. भाडं बुडतं का, असं विचारल्यावर त्यानं तिला मोकळेपणानं सांगितलं, की बुडतं, पण आपली नजर भाड्यावर नसतेच. घरात जे मरतात त्यांच्यावर आपला धंदा चालतो.

हे वाचल्यावर दाराआडच्या धोक्याबद्दल वेगळा विचार करावा लागतो. त्या अंधाऱ्या जिन्यावर भाडेकरूनं वसुलीवाल्याला ढकललं असतं तर तो गुन्हा झाला असता. पण त्याच जिन्यावरून कठडा नसल्यामुळे एखादं मूल पडलं, तर तो फक्त अपघात. काळोख दोघांसाठी एकच होता. फरक एवढाच, की वसुलीवाला आठवड्यातून एकदा त्यातून जाई आणि भाडेकरू दिवसातून दहादा.

सुरुवातीला हिलचं स्वागत कसं होई? दार किलकिलं उघडे, फटीतून मुठीत भाडं धरलेला हात बाहेर येई, आणि ती आत येऊ नये म्हणून दाराला आतून पाय लावलेला असे. तिनं आधी जिना धरला. मोठ्या मुलींना पैसे देऊन जिने आणि बोळ घासून घ्यायला सुरुवात केली. वर्षाच्या दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढली आणि नियम केला: मोडतोड कमी होऊन यातलं जे उरेल ते भाडेकरू सांगतील त्या सोयीवर खर्च होईल. त्यामुळे काच फुटली तर नुकसान मालकिणीचं नाही, शेजाऱ्यांचं होऊ लागलं. हंगाम मंदावून ज्यांचं काम सुटे त्यांना रंगकाम, डागडुजी अशी कामं घरातच दिली. कुटुंबाला एकाऐवजी दोन खोल्या घेता याव्यात म्हणून दुसरीचा दर उतरवला. आणि भाडं मात्र काटेकोर घेतलं. थकबाकी साचू दिली नाही, पोटभाडेकरू ठेवू दिले नाहीत.

याला कुणी स्वसंरक्षण म्हणणार नाही. पण परिणाम तोच होता. तिची यायची वेळ ठरलेली, हातात हिशेबाची वही, सोबत ना शिपाई ना कुणी पुरुष. आजचे सल्ले नियमित वेळ हा धोका मानतात. तिच्या बाबतीत ती ढाल ठरली, कारण ती येण्याच्या दिवशीच तक्रार सांगता येई आणि पुढच्या खेपेला तिचं काय झालं ते विचारता येई. तिच्या हाताखाली तयार झालेल्या बायकांनी हीच पद्धत लंडनभर नेली. त्यांच्यातली एक होती एमा कॉन्स, जिनं पुढे लॅम्बेथमधलं ‘ओल्ड व्हिक’ नाट्यगृह चालवायला घेतलं. १८९६ साली फिलाडेल्फियात हिलच्या नावानं संस्था निघाली आणि ही पद्धत अमेरिकेत गेली.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. हिल सुरक्षित होती याची इतरही कारणं होती, आणि ती तितकीशी गोड नाहीत. ती वरच्या थराची, सुशिक्षित बाई होती. तिच्या अंगावर हात टाकला तर काय होईल हे त्या गल्लीत सगळ्यांना कळत होतं. तिच्या हातात पिस्तूल नव्हतं, पण घर सोडायची नोटीस होती आणि ती तिनं वापरली. जे सुधारले नाहीत ते बाहेर गेले, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी अंधाऱ्या जिन्यावर गेले. आपल्या कामात एक प्रकारची हुकूमशाही आहे हे तिनं स्वतःच लिहिलं आहे. आणि सगळीकडे मॅरिलबोनसारखं यश आलंही नाही. १८८४ नंतर तिच्याकडे आलेली डेप्टफर्डची वस्ती फार चिवट निघाली. तिथे वसुली करणाऱ्या एलन चेस या अमेरिकन बाईनं त्या दिवसांवर पुढे अख्खं पुस्तक लिहिलं.

या कामातल्या अवघडलेपणाकडे जास्त निर्दय नजरेनं बघितलं ते बीॲट्रिस पॉटरनं, म्हणजे पुढे समाजवादी विचारवंत म्हणून गाजलेल्या बीॲट्रिस वेबनं. १८८५ साली गोदीजवळ उघडलेल्या कॅथरिन बिल्डिंग्ज या नव्या इमारतीत ती आणि एला पायक्रॉफ्ट भाडं गोळा करत. इमारत गोदी कामगारांसाठी बांधलेली. नळ आणि संडास सामायिक. दोघींनी भाडेकरूंच्या नोंदींची एक वही ठेवली: कोण राहतं, काय काम करतं, का गेलं. पॉटरला हळूहळू दिसत गेलं, की ज्याचं काम आज आहे आणि उद्या नाही त्याला वेळेवर भाडं देण्याची शिस्त शिकवून उपयोग नाही. तिनं वसुली सोडली आणि गोदीतली मजुरी कशी चालते याचा अभ्यास हाती घेतला. १८८७ साली त्यावर तिचा लेख आला. वसुलीच्या दारातून ती अर्थशास्त्रात गेली असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडची चाळ मला या सगळ्यात सारखी आठवत राहते, कारण माझे आजोबा परळकडच्या एका चाळीत मालकाच्या वतीनं भाडं गोळा करत. लोक त्यांना मेहताजी म्हणत. त्यांचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते. गिरणीचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी जायचं, आधी नाही. एका मजल्याचे पैसे खालच्या वाण्याकडे ठेवायचे, मग पुढचा मजला. भांडण होईलसं वाटलं तर जिन्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही. आणि घरी बायको-मुलं जेवायला बसली असतील तर थकबाकीचा विषय काढायचा नाही, तसंच परत यायचं. पहिले तीन नियम अंग सांभाळायचे आहेत, हे मला लहानपणीही कळत होतं. चौथा तसाच आहे हे कळायला आयर्लंड आणि लंडन वाचावं लागलं. मुलांसमोर अपमान झालेल्या माणसाकडे गमावण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मुंबईत पुढे झालं ते वेगळंच. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४०चं भाडं आधार धरलं आणि ते जवळजवळ गोठलं. भाडेकरूला डोक्यावरचं छप्पर टिकवता आलं, ही त्या कायद्याची मोठी कमाई. पण वसुलीच्या खर्चापुढे भाडं नगण्य झालं. मालकानं दुरुस्ती थांबवली, लाकडी जिन्यांना टेकू लागले. १९६९च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. मेहताजी यायचे बंद झाले तेव्हा त्यांच्यावरचा धोकाही संपला. पण ते ज्या जिन्यानं येत तो जिना तिथेच होता, आणि आता त्याची अवस्था कुणाला सांगायची हे वरच्या मजल्यांना ठाऊक नव्हतं.

बर्नार्ड शॉच्या १८९२ सालच्या ‘विडोअर्स हाउसेस’ या पहिल्याच नाटकात लिकचीज नावाचा भाडेवसुलीदार आहे. पायाखाली मोडणाऱ्या जिन्याच्या दुरुस्तीवर त्यानं एक पौंड चार शिलिंग खर्च केले, म्हणून मालक त्याला कामावरून काढतो. नाटकातला जिना काल्पनिक आहे, हिशेब नाही. वाईट वस्तीत जाणाऱ्या घरमालकानं दोघांनी मिळून जावं, रोख रक्कम टाळावी, फोन हाताशी ठेवावा. हे सगळं करावंच. पण मला विचाराल तर त्या यादीत सर्वांत वर मी एक ओळ घालीन: पहिल्या खेपेला भाडं मागायच्या आधी जिन्यावरचा दिवा लावून घ्या आणि कठडा हलतो का ते बघा.