कोठे जावे, काय खावे?

१/ इ.स.पू. ४थ्या शतकात सिसिलीतील गेला नगरीच्या आर्केस्ट्रॅटस या ग्रीक कवीने होमरच्या वीरकाव्याचे वृत्त खाद्यभ्रमंतीसाठी वापरले. कोणत्या बंदरी कोणता मासा घ्यावा, हाच त्याचा विषय!

२/ ईल मेसिनाच्या सामुद्रधुनीतला, जवाचे पीठ लेस्बॉस बेटावरचे. बोनिटो अंजिराच्या पानांत बांधून उष्ण राखेत भाजावा; चीज मात्र वर्ज्य.

३/ सिराक्यूज सिसिलीतलेच. तरीही तेथील आचारी चीज आणि सिरका ओतून उत्तम मासा बिघडवतात, असे त्याने निःसंकोच लिहिले. स्थळाची खरी चव झाकू नये, हा त्याचा आग्रह.

४/ मूळ काव्य लुप्त झाले. इ.स. २००च्या सुमारास अथेनियसने आपल्या ग्रंथात उद्धृत केल्यामुळेच त्याचे सुमारे ६० तुकडे वाचले.