टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडलेली पद्धत इटलीतल्या एका विद्यार्थ्याच्या अभ्यासातून आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो याचे मन पुस्तकात लागेना. निदान दहा मिनिटे तरी आपण खरोखर अभ्यास करू शकतो का, अशी पैज त्याने स्वतःशीच लावली. वेळ मोजायला हाताशी होते स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे चावीचे घड्याळ. पहिल्या झटक्यात पैज काही जिंकता आली नाही. इटालियनमध्ये टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात. पद्धतीला तेच नाव पडले.

पुढे चिरिलो सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आला आणि ही पद्धत प्रोग्रामरांच्या गटांपर्यंत पोचली. तिचा खरा कस व्यत्ययाच्या नोंदीत आहे. मन आपणहून भरकटले तर कागदावर एक स्वल्पविरामासारखी खूण, बाहेरून कोणी अडवले तर आडवी रेघ. पंचवीस मिनिटांचा एक टप्पा म्हणजे एक पोमोदोरो, आणि तो अर्धा मोजायचा नाही. मध्येच मोडला तर तो बाद, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण झाला की फुली. चार फुल्यांनंतर मोठी सुट्टी. गुंतागुंतीचा कोड डोक्यात जुळवत बसलेल्या माणसाला हा कडक नियम फार उपकारक ठरतो, कारण एकदा तुटलेला धागा सहजी सापडत नाही.

२००९ मध्ये स्टाफान नोतेबर्ग यांचे या पद्धतीवरचे सचित्र पुस्तक आले. त्यानंतर चावीच्या घड्याळाची जागा बहुतेक ठिकाणी मोबाइलमधल्या ॲपने घेतली.