डुकराच्या मांडीतला शिंपी

अमेरिकेतल्या कॉलेजांत शरीररचनेच्या तासाला ट्रेमध्ये बरेचदा येतं ते न जन्मलेलं डुकराचं पिल्लू. गाभण डुकरीण कत्तलखान्यात कापली गेली की तिच्या पोटातली पिल्लं अशी प्रयोगशाळेच्या वाटेला लागतात. धमन्यांत लाल आणि शिरांत निळं लॅटेक्स भरलेलं असेल तर रक्तवाहिन्या चटकन सापडतात. स्नायूंची अशी सोय नाही, सगळे एकाच फिकट रंगाचे. तिथे धारदार पातं बाजूला ठेवायचं, बोथट सळईनं एकेक पदर सोडवायचा, तंतू कुठून कुठे धावतात ते बघायचं आणि मग नाव घ्यायचं. परीक्षेत नुसती टाचणी टोचलेली असते : ओळखा.

उत्तर लॅटिनमधलं, आणि खरी गंमत तिथेच. मांडीच्या आतल्या अंगाची पट्टी म्हणजे सार्टोरियस, 'शिंप्याचा स्नायू'. युरोपातले शिंपी मांडी घालून शिवत, त्या बैठकीला हा स्नायू लागतो. डुक्कर काही बापजन्मी मांडी घालून बसलेलं नाही! पुढच्या पायातला बायसेप्स म्हणजे 'दोन डोक्यांचा', वरच्या टोकाला दोन फाटे असलेला. डुकराच्या बायसेप्सला डोकं एकच.

नावं माणसाची, अंग डुकराचं. पण सुरुवात झाली ती नेमकी उलट्या बाजूनं. दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये माणसाचं प्रेत फाडायची सोय नव्हती. तिथला वैद्य गॅलेन माकडं फाडायचा, डुकरं फाडायचा, जिवंतसुद्धा. किंचाळणाऱ्या डुकराच्या गळ्यातला बारीक मज्जातंतू दोऱ्यानं आवळायचा, की आवाज बंद. जमलेले लोक थक्क. यासाठी डुक्करच का, तर त्याचा आवाज दणदणीत. जनावरात दिसलं ते त्यानं माणसातही असणार असं धरलं. बाराव्या शतकात सालेर्नोच्या वैद्यकशाळेत तर डुकराच्या शरीररचनेवरच पाठ्यपुस्तक होतं.

1543 साली शरीरशास्त्रज्ञ व्हेसॅलियसनं माणसाची प्रेतं फाडून गॅलेनच्या चुका दाखवल्या. तरी त्याच्या ग्रंथातल्या एका मोठ्या 'क्यू' या आद्याक्षरात गुटगुटीत देवबाळं डुक्करच फाडताना दिसतात. स्नायूंना त्यानं मुख्यतः आकडे दिले. आकडे कोण लक्षात ठेवणार? नावं ठेवायचा खटाटोप केला तो त्याच्या पॅरिसच्या गुरूनं, सिल्वियसनं. हा गॅलेनचा कट्टर भक्त, आणि पुढे शिष्याचा हाडवैरी. शिंप्याचं नाव आलं ते पदुआच्या स्पिगेलियसकडून, असं मानतात. पाठीवरच्या सगळ्यात रुंद स्नायूला तर एके काळी लॅटिनमध्ये 'ढुंगण खाजवणारा' म्हणत. हात मागे नेऊन पाहावा, पटतं. मुळात 'मसल' हा शब्दच लॅटिनमधल्या 'छोट्या उंदरा'पासून आलेला. कातडीखाली सरकतं ते रोमनांना उंदीर वाटलं, आपल्याला दंडात बेडकुळी दिसली.

नावांचं रान इतकं माजलं, की 1895 साली बाझेलला शरीरशास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास हजार नावं छाटून पाचेक हजारांवर आणली. खाजवणारा त्याआधीच मागे पडला होता. पशुवैद्यांनी 1968 साली आपली वेगळी नामावली छापली. चार पायांवर चालणाऱ्यांना 'पुढचा-मागचा' हे माणसाचे शब्द लागू पडेनात, म्हणून तिथे 'डोक्याकडचा' आणि 'शेपटीकडचा' आले. शिंपी मात्र डुकराच्या मांडीत तसाच राहिला, आणि एका डोक्याचा स्नायू कागदोपत्री दोन डोक्यांचाच.