मांजरकानी टोपी

लोकरीच्या टोपीला मांजराचे कान फुटले, की ती मुलांच्या सोंगाची वस्तू ठरते. अमेरिकेत मात्र अशाच एका टोपीने इतिहासात जागा मिळविली. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्त्रियांविषयीचे काही अभद्र उद्गार गाजले. त्यांतील शब्दाचाच ‘मांजर’ हा निरुपद्रवी अर्थ उचलून लॉस एंजेलिसच्या क्रिस्टा सू व जेना झ्वाइमन यांनी ही गुलाबी टोपी योजिली. पुढील जानेवारीत वॉशिंग्टनला स्त्रियांचा मोर्चा निघावयाचा होता.

कॅट कॉइल यांनी बेतलेली रीत सोपी होती. आयताकार विणलेला तुकडा दुमडून बाजू शिवावयाच्या. डोक्यावर चढताच कोपरे कानांसारखे उभे राहतात. सुयांवर विणणाऱ्यांनी ती सुयांवर विणली, क्रोशेवाल्यांनी आकडीने.

झ्वाइमन दुखापतीतून सावरत होत्या. त्यांना मोर्चास जाणे शक्य नव्हते. अशा कित्येकींनी टोप्या विणून, सोबत चिठ्ठी घालून, अनोळखी स्त्रियांसाठी धाडल्या. २१ जानेवारी २०१७ रोजी रस्ते गुलाबी झाले. हा रंग साऱ्याच स्त्रियांना सामावून घेत नाही, असा आक्षेप पुढे निघाला. तोही विचारार्हच होता. तथापि घरी राहिलेल्या हातांची हजेरी त्या दिवशी परक्या मस्तकांवर लागली, हे खरे.