घडीव स्तंभ आणि ओतीव कठडे



धार म्हटले की भोजराजा आणि किल्ला आठवतो. देवास म्हटले की टेकडीवरची देवी आणि पवारांच्या थोरली व धाकटी या दोन पात्या. या मोठ्या नावांच्या शेजारी आज मी एक साधी वस्तू ठेवू इच्छितो : माडीच्या सज्ज्याला बसविलेला बिडाचा कठडा. इतिहासाचे साधन म्हणून आपण त्याच्याकडे क्वचितच पाहतो.

लोखंडाशी धारचे नाते जुने आहे. दिलावरखानाने 1405 साली बांधविलेल्या लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. परंपरेने हा स्तंभ भोजाच्या, म्हणजे अकराव्या शतकाच्या काळाशी जोडला जातो. तुकड्यांची एकूण लांबी सुमारे 13 मीटर व वजन सुमारे 7 टन भरते. दिल्लीचा सुप्रसिद्ध स्तंभ सुमारे 7 मीटरांचाच आहे. धारचा स्तंभ ओतलेला नाही. त्या काळच्या आपल्या भट्ट्यांत लोखंडाचा रस होत नसे, सच्छिद्र गोळे होत. ते तापवून, घणाच्या घावांनी एकमेकांत सांधून लोहारांनी हा स्तंभ घडविला. गुजरातच्या बहादुरशहाने तो हलवू पाहिला तेव्हा तो पडून मोडला, अशी नोंद जहांगीराने आपल्या आठवणींत केली आहे. अकबराच्या कबरीपाशी दिवा लावण्यासाठी तो आग्र्यास न्यावा, असा हुकूम त्यानेही दिला होता. स्तंभ मात्र धारमध्येच राहिला.

बिडाची गोष्ट निराळी. बिडात कार्बनाचे प्रमाण शेकडा 2 हून अधिक असते. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते, तर बीड सुमारे 1150 ते 1200 अंशांनाच पातळ होते आणि साच्यातील बारीक नक्षीही भरून काढते. चीनमध्ये ही विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडात 1709 साली अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले आणि बीड स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. दुसरे बाजीराव पेशवे 1775 साली धारच्या किल्ल्यात जन्मले. ते चार वर्षांचे असताना सेव्हर्न नदीवर बिडाचा पहिला मोठा पूल उभा राहिला.

कठड्यासाठी लाकडी नमुना वाळूत दाबून साचा करावयाचा आणि त्यात रस ओतावयाचा. एका नमुन्यावरून शेकडो जाळ्या निघत. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन कंपनीसारखे कारखाने सचित्र सूचीपत्रे छापीत आणि गिऱ्हाईक त्यातून नक्षी निवडी. म्हैसूरच्या राजवाड्यातील बिडाचे खांब याच कंपनीचे आहेत.

हा जड, ठिसूळ माल माळव्यात आणावयाचा तर रेल्वे हवी. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 साली त्यासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि 1878 पर्यंत खांडव्याहून महूमार्गे इंदूरपर्यंत गाडी आली. संस्थानी काळात धारला मात्र रेल्वे पोहोचली नाही. महूपासून पुढचा प्रवास सडकेचा. इंदूरच्या लालबाग राजवाड्याची फाटके बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर इंग्लंडात ओतून जहाजाने आणली, असे सांगितले जाते.

राजाने मागविले ते फाटक झाले. वकील, कारभारी आणि सावकार यांच्या ऐपतीत बसला तो कठडा. त्यापूर्वी सज्ज्याची शोभा सुताराच्या हातात होती आणि प्रत्येक वाड्याची नक्षी वेगळी असे. साच्याने हे वेगळेपण घालविले, हे खरे. पण नक्षीचे वैभव मध्यम स्थितीतील घरांपर्यंतही पोहोचविले. स्तंभ राजसत्तेची साक्ष देतो. कठडा साध्या गृहस्थाच्या हौसेची. म्हणूनच तो जपला पाहिजे.

बीड वाकत नाही, तडकते. आणि त्याला सांधा घालणे सामान्य वेल्डिंगवाल्याचे काम नव्हे. एक जाळी फुटली की घरमालक सगळा कठडा उतरवितो, सरळ गज बसवितो आणि जुना माल भंगारवाल्याला वजनावर देतो. ब्रिटनमध्येही 1941 पासून युद्धासाठी रस्तोरस्तीचे कठडे कापून नेले गेले. तेथे निदान युद्धाचे कारण होते. येथे दुर्लक्ष पुरेसे होते.

साच्याच्या वस्तूला एक वरदान आहे. शिल्लक राहिलेली एकच जाळी नमुना म्हणून वाळूत दाबली, की तिच्यावरून नवी ओतता येते. थंड होताना बीड शेकडा सुमारे 1 आकसते, तेवढी तूट धरावी लागते. ओतकामाची विद्या या भागाला परकी नाही; पंप बनविणारा किर्लोस्करांचा कारखाना देवासलाच आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या घराची माडी उतरविण्यापूर्वी कठड्याचे छायाचित्र घ्या, मापे लिहून ठेवा आणि एक जाळी तरी शाळेच्या संग्रहासाठी द्या. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या विद्यार्थ्यांना एवढे अवघड नाही. धारचा स्तंभ न्यावयास बादशहाचा हुकूमही पुरा पडला नाही. कठडा न्यावयास एक हातगाडी पुरते.