शाबितीचा भार : विषबाधित सैनिक आणि राज्याचे ऋण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना लढाईच्या तारखेपाशी थांबत नसत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. लढाई संपल्यावर सैनिकाचे काय झाले, हा प्रश्न ते वर्गापुढे ठेवीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, त्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. येथील कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातील छायाचित्र असते आणि कपाटात निवृत्तिवेतनाचे कागद जपून ठेवलेले असतात. गुरुजींचाच प्रश्न आज मी थोडा पुढे नेणार आहे.

गोळीची जखम दिसते. तिची तारीख सांगता येते आणि तिला साक्षीदार असतात. पण सैनिकाच्या देहात विष शिरले आणि त्याचा परिणाम वीस वर्षांनी प्रकट झाला, तर ती जखम युद्धाची की वयाची, हे कोणी ठरवायचे? न्यायाच्या परिभाषेत ज्याला शाबितीचा भार म्हणतात, तो कोणी वाहायचा : आजारी सैनिकाने की त्याला तेथे पाठविणाऱ्या राज्याने? माझ्या मते या विषयाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

युद्धातील विषाची आधुनिक कथा १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे सुरू झाली. जर्मन सैन्याने तेथे क्लोरीन वायू सोडला. २६ एप्रिलला आपल्या लाहोर डिव्हिजनचे जवानही त्या वायूत सापडले. जमादार मीर दस्त यांना त्या दिवशीच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनाही वायूची बाधा झाली होती. मात्र ते विष शत्रूचे होते, त्याचा ढग सर्वांनी पाहिला होता आणि माणसे तेथल्या तेथे कोसळली होती. खरी गुंतागुंत पुढे निर्माण झाली. विष स्वपक्षाचे होते, ते निरुपद्रवी असल्याचे सांगितले गेले होते आणि त्याची फळे दिसायला दशके लागली. याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत नीट नोंदले गेलेले उदाहरण अमेरिकेचे आहे.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या अरण्यांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक पर्णनाशके फवारली. शत्रूला दडायला झाडी राहू नये आणि त्याचे अन्न तुटावे, हा हेतू होता. त्यांतील मुख्य रसायन पिंपांवरील नारिंगी पट्ट्यामुळे ‘एजंट ऑरेंज’ या नावाने ओळखले जाऊ लागले. दोन तणनाशकांच्या या मिश्रणात, त्यांपैकी एकाच्या निर्मितीत उपजणारे डायऑक्सिन अशुद्धीच्या रूपाने शिल्लक राहत असे. ते अत्यल्प मात्रेतही घातक असते, चरबीत साठते आणि शरीरातून निम्मे होण्यासही कित्येक वर्षे घेते.

सैनिक घरी परतले. १९७७ च्या सुमारास शिकागो येथील माजी सैनिक प्रशासनाच्या कचेरीत मॉड डी-व्हिक्टर या कर्मचारी स्त्रीच्या लक्षात आले की, निरनिराळे अर्जदार जवळपास सारखीच कहाणी सांगत आहेत. तिने नोंदी जमविल्या. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने ही गोष्ट देशापुढे आणली आणि अर्जांचा ओघ सुरू झाला.

या अर्जांना मिळालेले उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारात निष्ठुर होते. सैनिकाने तीन गोष्टी सिद्ध कराव्यात, अशी अपेक्षा होती : फवारणीच्या जागी आपण होतो, ते रसायन आपल्या अंगी भिनले, आणि आजार त्यातूनच उद्भवला. पहिल्या गोष्टीचा पुरावा लष्कराच्या दप्तरात, दुसऱ्याचा तेव्हा दुर्मीळ असलेल्या रक्ततपासणीत आणि तिसऱ्याचा अजून न झालेल्या संशोधनात होता. ज्याच्या हाती एकही किल्ली नाही, त्याला तिन्ही कुलुपे उघडायला सांगितले गेले. एजंट ऑरेंजमुळे होणारा विकार म्हणून १९८५ च्या नियमांत मान्यता मिळाली ती क्लोरॅक्ने या केवळ एका त्वचारोगाला.

पुढे जे घडले ते उद्बोधक आहे. हे कोडे सोडविण्याचे काम सरकारच्याच रोगनियंत्रण केंद्राकडे होते. कोणते सैनिक विषाच्या संपर्कात आले हे लष्करी नोंदींवरून ठरविता येत नाही, असे म्हणून १९८७ मध्ये तो अभ्यास सोडून देण्यात आला. सारी दप्तरे हाताशी असलेल्या शासनाला जे जमत नव्हते, ते खाटेवर पडलेल्या एकट्या माणसाने करून दाखवावे, अशी ही अपेक्षा होती! त्याच नोंदींचा कसून अभ्यास करून कोलंबिया विद्यापीठातील जीन स्टेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, फवारणीचा पूर्वीचा हिशेब सत्तर लाखांहून अधिक लिटरने अपुरा होता आणि डायऑक्सिनचे प्रमाण तर जवळजवळ दुप्पट मानावे लागेल. नोंदी बोलू शकत होत्या. त्यांना विचारणारे कोणीतरी हवे होते.

न्यायालयातही फारसे हाती लागले नाही. रसायन पुरविणाऱ्या कंपन्यांविरुद्धचा दावा ७ मे १९८४ रोजी अठरा कोटी डॉलरवर मिटला. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही. पुढे सुमारे ५२ हजार सैनिकांना वा त्यांच्या वारसांना पैसे मिळाले. त्यांची सरासरी होती माणशी ३,८०० डॉलर.

याच काळात एका पितापुत्रांची कथा देशभर चर्चिली गेली. अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट हे व्हिएतनाममधील अमेरिकी नौदलाचे प्रमुख होते. नद्यांच्या काठच्या झाडीतून आपल्या नौकांवर गोळीबार होई, म्हणून ते काठ उघडे करण्यासाठी त्यांनी फवारणीचा आदेश दिला. त्याच नद्यांत गस्त घालणाऱ्या नौकांपैकी एकीवर त्यांचा मुलगा अधिकारी होता. पुढे त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आणि १९८८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. आपल्या आदेशाने अनेक खलाशांचे प्राण वाचले, यावर वडील अखेरपर्यंत ठाम होते. आणि मुलाचा आजार त्याच रसायनामुळे झाला, असेही ते उघडपणे म्हणत. या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात वागविणे किती कठीण असेल, हे सांगायला नको. त्यांनी दुःख कुरवाळले नाही. १९९० मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात त्यांनी उपलब्ध संशोधन तपासले आणि शासकीय अभ्यासांतील पक्षपातावर नेमके बोट ठेवले.

६ फेब्रुवारी १९९१ रोजी एजंट ऑरेंज कायदा झाला. भाषेच्या अभ्यासकाला त्यातील एकच संकल्पना सर्वांत महत्त्वाची वाटेल : ‘गृहीत धरणे’. जो सैनिक व्हिएतनाममध्ये होता त्याला विषाचा संपर्क झाला असे गृहीत धरावे, आणि यादीतील आजार त्याला झाला तर तो सेवेमुळेच झाला असेही गृहीत धरावे. यादीत कोणते आजार असावेत, याचा पुरावा राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ठरावीक काळाने तपासावा. शंकेचा फायदा आता सैनिकाला मिळू लागला. आरंभी तीनच आजार होते. पुढे त्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग, मधुमेह असे आजार वाढत गेले आणि २०१० मध्ये पार्किन्सन व हृदयविकार आले.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते पोरकट नाहीत. हृदयविकार हा उतारवयातील किती सामान्य रोग! मग तो प्रत्येक वेळी विषामुळेच कसा मानायचा? २०१० मध्ये हा प्रश्न सिनेटमध्ये जिम वेब यांनी विचारला आणि ते स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले होते. काही अपात्रांना लाभ मिळतो, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एका बाजूला हा खर्च आणि दुसऱ्या बाजूला पुराव्याअभावी दारातून परत पाठविलेले पात्र रुग्ण, यांतली कोणती चूक राज्याने पत्करावी? ज्या अनिश्चिततेला राज्याचेच कृत्य आणि राज्याचीच अपुरी नोंद कारणीभूत आहे, तिची किंमत राज्याने मोजावी, हेच मला न्याय्य वाटते.

गृहीत धरण्यालाही सीमा आखल्या जातात आणि सीमेवरची माणसे उपेक्षित राहतात. जहाजावर राहून किनारपट्टीच्या समुद्रात सेवा केलेल्या, पण व्हिएतनामच्या भूमीवर पाऊल न टाकलेल्या खलाशांना २००२ पासून वगळले गेले. न्यायालयाचा निर्णय आणि नवा कायदा यांमुळे त्यांना हक्क मिळाला तो २०१९ मध्ये. त्याहून विलक्षण स्थिती अणुचाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या सैनिकांची होती. त्यांनी गुप्ततेची शपथ घेतलेली असल्यामुळे डॉक्टरलाही काय पाहिले ते सांगण्याची सोय नव्हती. १९८८ मध्ये त्यांच्या काही कर्करोगांसाठी गृहीताचा कायदा झाला, आणि गुप्ततेचे बंधन उठले ते मात्र १९९६ मध्ये. म्हणजे आठ वर्षे हक्क होता, पण तो मागण्यासाठी तोंड उघडण्याची मुभा नव्हती.

एका पिढीचा धडा पुढच्या पिढीसाठी आपोआप उपयोगी पडतो, असेही नाही. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर प्लास्टिक, रसायने, वैद्यकीय कचरा असे सारे काही उघड्या खड्ड्यांत जाळले जाई आणि सैनिक त्या धुराशेजारी राहत. ते आजारी पडले तेव्हा पुन्हा पुराव्याचीच मागणी झाली. १० ऑगस्ट २०२२ रोजी ‘पॅक्ट’ कायद्यावर स्वाक्षरी झाली. फुप्फुसाच्या कर्करोगाने २०२० मध्ये वारलेले सार्जंट हीथ रॉबिन्सन यांचे नाव त्याला दिले आहे. या कायद्याने धुराशी संबंधित वीसहून अधिक आजार गृहीतांत आणले, व्हिएतनामच्या सैनिकांसाठी उच्च रक्तदाबाची भर घातली आणि विषसंपर्काची नियमित विचारपूस आरोग्यसेवेचा भाग केली. १९९१ पासून मोजले तरी मधे एकतीस वर्षे गेली होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. ज्यांच्या शेतांवर हे विष पडले त्या व्हिएतनामी माणसांचा दावा अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. न्यायाधीश तेच होते, ज्यांच्यासमोर १९८४ ची तडजोड झाली : जॅक वाइनस्टाइन. सैनिकासाठी जे गृहीत धरले गेले, ते त्या शेतकऱ्यासाठी धरले गेले नाही.

आपल्याकडेही या प्रश्नाचा प्रतिध्वनी उमटला आहे. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या नियमांचा अर्थ लावताना म्हटले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे. नंतरचा आजार सेवेमुळे झाला नाही, हे दाखविण्याची जबाबदारी शासनावर राहील. खटला विषबाधेचा नव्हता, पण तत्त्व तेच होते.

मित्रहो, भरतीच्या दिवशी राज्य तरुणाची छाती मोजते, डोळे तपासते आणि तो निरोगी असल्याचा शिक्का मारते. तो शिक्का हीच राज्याने स्वतःच्या हाताने दिलेली पावती आहे. पुढे तो माणूस मोडलेल्या देहाने दारात उभा राहिला, तर त्याच्याकडे पुरावा मागण्यापूर्वी राज्याने आपल्याच दप्तरातील ती पावती काढून पाहावी. गुरुजींच्या प्रश्नाला माझ्यापाशी इतकेच उत्तर आहे. ते त्यांच्या स्मृतीस अर्पण करून मी आपली रजा घेतो.